पँटोप्राझोल की फॅमोटिडीन? पित्त शमलं, पण मन उतरलं असेल तर

गुरुवारच्या भजनात मी पखवाज वाजवतो. मागच्या वर्षी अशी वेळ आली की कणीक भिजवून पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायचाही कंटाळा यायला लागला. दु:ख असं काही नव्हतं. कशातच रस वाटत नव्हता, पहाटे पावणेचारला जाग यायची आणि मग छताकडे बघत पडून राहायचो. बायको एकदा म्हणाली, "अहो, पाडवा गेला, एकादशी गेली, तुम्ही पखवाजाची गवसणीसुद्धा काढली नाहीत." तेव्हा कुठे मी हिशेब मांडायला बसलो. त्या काळात नवीन गोष्ट एकच होती. रोज सकाळी उपाशीपोटी पित्तावरची गोळी, पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, आणि तीही सलग दीड वर्ष.

पँटोप्राझोल आणि फॅमोटिडीन, दोन्ही पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या; पित्ताच्या जुन्या दुखणेकऱ्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. आराम कुणामुळे जास्त पडतो, असं विचाराल तर पँटोप्राझोल. तिथे फॅमोटिडीन तिच्या पासंगालाही पुरत नाही. पहिल्या आठवड्यातच माझी छातीतली जळजळ थांबली होती, आडवं झाल्यावर घशाशी येणारं आंबट पाणीही बंद झालं. तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर निवड सोपी आहे.

मनाचा प्रश्न इतका सोपा नाही. युरोपातल्या माहितीपत्रकांत दोन्हींच्या दुष्परिणामांमध्ये नैराश्याची नोंद आहे. पँटोप्राझोलसाठी ते 'दुर्मीळ' म्हणजे हजारात एकाहून कमी, आणि फॅमोटिडीनसाठी 'अतिदुर्मीळ' म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी. पित्त आणि उदासी पुष्कळदा एकत्रच नांदतात, त्यामुळे गोळीमुळे मन उतरलं की उतरलेल्या मनामुळे पित्त वाढलं, हे सांगणं डॉक्टरांनाही जड जातं. शिवाय आडवाटेनंही त्रास होऊ शकतो. पोटातलं आम्ल दीर्घकाळ दबलं की अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व नीट सुटं होत नाही. दोन वर्षं किंवा जास्त काळ या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता अधिक आढळते, असा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ आधीच काठावर असतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी खाली जातं. आणि बी-१२ उतरलं की थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी हे सगळं त्याच्या मागून येऊ शकतं. माझं कमी निघालं. इंजेक्शनांनी तळपायाच्या मुंग्या गेल्या. मन थोडं सावरलं, पुरतं नाही.

मग वाटलं, गोळी बंद करून बघावी. तिसऱ्या दिवशी अशी जळजळ उठली की मी उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढली आणि सकाळी मुकाट्याने पुन्हा स्ट्रिप फोडली. पुढच्या महिन्यात परत तेच. मला वाटलं, रोगच इतका मोठा आहे. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. ही गोळी आम्लाचे पंप बंद करते, तेव्हा शरीर आम्ल वाढवण्याचा निरोप जास्त जोरात धाडत राहतं. गोळी काढली की तो सगळा जोर एकदम वर येतो. डेन्मार्कमध्ये पित्ताचा काहीही त्रास नसलेल्या १२० जणांवर याची चाचणी झाली होती, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ८ आठवडे याच जातीची गोळी घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना पित्ताचा त्रास झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं.

माझा निर्णय इथेच झाला. गोळीने मन उतरतं की नाही, हे तपासायचं तर ती काही दिवस थांबवता आली पाहिजे. ही थांबवूच देत नाही. दोन रात्री न झोपलेला माणूस स्वतःच्या मनाबद्दल काय सांगणार?

शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडली. आधी ४०ची २०, मग दिवसाआड, आणि मधल्या रात्री फॅमोटिडीन. दोन महिने लागले. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी पहाटेची जाग थांबली. एका बुधवारी संध्याकाळी मी आपणहून गवसणी सोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मागितली. बी-१२मुळे, गोळी सुटल्यामुळे की दोन्हींमुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गोळ्यांच्या डब्यात मी आज फॅमोटिडीनच ठेवतो.

काहींनी मात्र माझ्यामागे येऊ नये. अन्ननलिकेला जखम असेल, अल्सरमधून रक्त गेलं असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पँटोप्राझोलच्या जातीची गोळी आपल्या मनाने सोडू नका. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि वयस्करांना फॅमोटिडीनने भ्रम होऊ शकतो, त्यांना डोस कमी लागतो. नैराश्यावर एस्सिटालोप्राम ही गोळी चालू असेल तर पँटोप्राझोलच्याच जातीच्या ओमेप्राझोलने तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर गोळ्यांची तुलना करत बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा.

फॅमोटिडीनचा दोषही सांगतो. रोज घेतली की आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा जोर ओसरतो. म्हणून मी ती रोज घेत नाही. एकादशीला भजन उशिरापर्यंत चालतं, पोटात साबुदाण्याची खिचडी असते, त्या रात्री घेतो. लग्नाच्या जेवणानंतर घेतो. एरवी ती तशीच पडून असते.