प्ली ॲग्रीमेंट घ्यावं की पिमेंटेल लेटरवर कबुली द्यावी?

न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात खटला चालवायचा नाही, गुन्हा कबूल करायचा, एवढं ठरलं तरी एक निवड उरते. पहिली वाट प्ली ॲग्रीमेंटची: सरकारी वकिलाशी लेखी करार, सह्या, मग कबुली. दुसरी वाट कराराविना. तिथे सरकार गाइडलाइन्सचा, म्हणजे शिक्षा किती असावी हे सुचवणाऱ्या फेडरल नियमांचा, आपला हिशेब एका पत्रात मांडतं. १९९१च्या पिमेंटेल खटल्यात इथल्या अपील कोर्टाने तशी सूचना केली होती, म्हणून ते पिमेंटेल लेटर. ते कुणालाच बांधत नाही, पण आरोपीला सगळेच्या सगळे आरोप कबूल करावे लागतात. बचावाचा वकील म्हणून मी दोन्ही वाटांनी अशिलांसोबत गेलो आहे.

करार कुठे घ्यावा, ते आधी सांगतो. ड्रग्जच्या केसमध्ये दहा वर्षांची किमान शिक्षा डोक्यावर असेल आणि सरकार पाच वर्षांच्या कलमावर यायला तयार असेल, तर माझ्या मते फार घोळ घालू नये. एके काळी सेफ्टी व्हॉल्व्हची, म्हणजे काही अटींत बसणाऱ्याला किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा मिळण्याच्या सवलतीची, आशा तरी धरता यायची. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पल्सिफर निकालात २०१८च्या फर्स्ट स्टेप ॲक्टमध्ये त्या सवलतीच्या अटी जोडणारा ‘आणि’ हा शब्द आरोपीच्या विरुद्ध वाचला, आणि जुने गुन्हे नावावर असलेल्या बऱ्याच जणांची ती आशा संपली. सरकारला तपासात मदत करणाऱ्यालाही कराराशिवाय चालत नाही.

वायर फ्रॉडच्या, म्हणजे फोन, ईमेल अशा माध्यमांतून केलेल्या फसवणुकीच्या, केसमध्ये मात्र मी थांबून विचार करायला सांगतो. “पाचपैकी चार आरोप मागे घेतो” हे ऐकायला मोठं वाटतं. पण मागे घेतलेल्या आरोपांतलं नुकसानसुद्धा शिक्षेच्या हिशेबात धरता येतं. ज्युरीने ज्या आरोपातून निर्दोष सोडलं, त्या आरोपातलं वर्तन नोव्हेंबर २०२४ पासून हिशेबातून साधारणपणे वगळतात. मागे घेतलेल्या आरोपांना ती सवलत नाही. दुसरी भीती घातली जाते ती तिसऱ्या लेव्हलची. गाइडलाइन्समध्ये गुन्ह्याची गंभीरता लेव्हलमध्ये मोजतात, आणि कबुलीबद्दल दोन लेव्हल कमी होतात. तिसरी, मोठ्या केसमध्ये, सरकारने मागितली तरच. अपिलाचा हक्क सोडला नाही एवढ्या कारणावरून सरकारने ती अडवू नये, असं गाइडलाइन्स ठरवणाऱ्या सेन्टेन्सिंग कमिशनने २०१३ मध्येच लिहून ठेवलं आहे. कबुली वेळेत दिली तर ती मिळते. मला तरी त्यासाठी भांडावं लागलेलं नाही.

माझं मत ज्यावरून बनलं तो करारातला एकच परिच्छेद आहे. शिक्षा अमुक महिन्यांच्या आत आली, तर आरोपी अपील करणार नाही आणि पुढे हेबियसचा, म्हणजे अपिलाखेरीज शिक्षेला आव्हान देण्याचा, अर्जही करणार नाही. २०२१ साली एका मराठी अशिलाने माझ्या सल्ल्याने त्यावर सही केली. आकडा होता ३७ महिने. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिक्षा झाली ३० महिने, आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच्यावर पैसे बुडवल्याचा आरोप नव्हता. महत्त्वाची माहिती लपवून समोरच्या कंपनीचा विचारपूर्वक निर्णय घेण्याचा हक्क हिरावला, असा होता. ११ मे २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सिमिनेली निकालात सांगितलं की असा हक्क म्हणजे मालमत्ता नव्हे, त्यावर वायर फ्रॉड उभा राहत नाही. त्याच रात्री त्याच्या बायकोचा फोन आला: “दादा, म्हणजे तो गुन्हाच नव्हता ना?”

आम्ही अर्ज केला. न्यायाधीश मुद्द्यात शिरलेच नाहीत, सहीवर बोट ठेवून अर्ज फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने त्यात नवल नव्हतं. २००५च्या बुकर आणि २०१५च्या जॉन्सन या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी शिक्षेचा कायदा बदलला, त्यानंतरही इथल्या अपील कोर्टाने हेच म्हटलं होतं, की कायदा पुढे बदलेल ही जोखीम सही करणाऱ्याने पत्करलेली असते. करार नसता तर मे २०२३ मध्ये आमचं अपील बहुधा चालू असतं आणि नवा निकाल आम्हाला मांडता आला असता. जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही. कबुलीनंतरचं अपील अवघडच असतं. पण कुणीतरी ऐकून घेतलं असतं. नुसत्या कबुलीने कायद्याच्या घटनात्मकतेवर आक्षेप घेण्याचा हक्क जात नाही, हे २०१८च्या क्लास निकालात आलं आहे. करारातली सही तोही बंद करू शकते. तो माणूस शिक्षा पूर्ण करून घरी आला. अजूनही तो परिच्छेद समोर आला की मला त्याच्या बायकोचा तो फोन आठवतो.

ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. फसवणुकीत नुकसान १०,००० डॉलरच्या वर गेलं की देशाबाहेर काढण्याचा धोका उभा राहतो. २००९च्या मनोज निझावन खटल्यात ज्युरीने नुकसानीचा आकडा ठरवलाच नव्हता. शिक्षेच्या वेळी त्यांनी स्वतः मान्य केलेला आकडाच इमिग्रेशनच्या बाजूने त्यांच्याविरुद्ध वापरला गेला आणि सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं. करारात असा आकडा बरेचदा छापूनच येतो. पिमेंटेल लेटरमधला आकडा सरकारचा असतो, तुमची त्यावर सही नसते. पटला नाही तर फॅटिको सुनावणी, म्हणजे शिक्षेआधी वादाच्या मुद्द्यावर पुरावे ऐकणारी सुनावणी, मागता येते. तिथे हरलात तर न्यायाधीशांनी ठरवलेला आकडा येतोच, आणि खोटा वाद घातला असं त्यांना वाटलं तर कबुलीची सवलतही जाऊ शकते. तेव्हा कागदपत्रं भक्कम असतील तरच त्या वाटेला जावं.

प्रत्येक केस वेगळी, आणि तुमच्या वकिलाने फाइल पाहिली आहे, मी नाही. पण किमान शिक्षेची टांगती तलवार नसेल आणि सरकारला मदत करायची नसेल, तर मी आता सरकारी वकिलाकडे पिमेंटेल लेटर आधी मागतो. ते द्यायलाच हवं असं बंधन नाही, तरी मागितलं की बहुतेक वेळा मिळतं. मग दोन्ही कागद अशिलापुढे ठेवून, करारातला तो परिच्छेद त्याला मराठीत वाचून दाखवतो. शिक्षा सुनावली की चौदा दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते, ती तारीख त्याच बैठकीत त्याच्या घरच्यांना लिहून देतो.