व्हिएन्नाचे स्टेट ऑपेरा: तिकीट उभ्याचेच काढावे

रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकांच्या स्पर्धेला न चुकता हजेरी लावणाऱ्या रसिकाला युरोपच्या सहलीत एकच संध्याकाळ मोकळी मिळणार असेल, तर ती त्याने व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरासाठी राखावी, आणि तिकीटही खुर्चीचे न काढता उभ्याचे काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे नाट्यगृह 1869 मध्ये मोझार्टच्या 'डॉन जिओवानी' या ऑपेराने, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाने, सुरू झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' त्यानंतर अवघ्या 11 वर्षांनी रंगभूमीवर आले, हे ध्यानात घेतले की या वास्तूचा दबदबा थोडा कमी वाटू लागतो. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेले, दर्शनी भाग आणि भव्य जिना तेवढा वाचला, आणि 1955 मध्ये बीथोवेनच्या 'फिडेलिओ'ने पडदा पुन्हा वर गेला. त्यामुळे जिन्यावरची श्रीमंती पाहून आत शिरणाऱ्याला प्रेक्षागृह काहीसे साधे वाटते. मला ते तसेच आवडले.

चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंहून अधिक मोजावे लागतात. उभ्याची तिकिटे त्यामानाने अगदी स्वस्त असून प्रयोगाच्या दिवशीच विक्रीला येतात, आणि अशा जागा चारशेहून अधिक आहेत. आत गेल्यावर समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची पद्धत आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या कोकणी माणसाला ती शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की इथे बांधलेला स्कार्फ कोणी बाजूला सारत नाही. मिळाल्यास खालच्या मजल्यावरची, मधल्या शाही बॉक्सच्या खालची जागा घ्यावी, कारण तिथून रंगमंच अगदी समोर येतो. वरच्या गॅलरीत कडेला उभे राहिल्यास मात्र अर्धा रंगमंच दिसतच नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर संवादांचे इंग्रजी भाषांतर चालू असते.

मी पुच्चिनीचे 'तोस्का' पाहिले. मार्गारेटे वॉलमन यांनी 1958 मध्ये बसवलेला हा प्रयोग त्याच नेपथ्यासह अजूनही चालू आहे, आणि जुने नाटक जुन्याच थाटात पाहायला आवडणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्यात गैर काही वाटणार नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी जुलमी पोलीसप्रमुख स्कार्पियाला भोसकल्यानंतर नायिका तोस्का पळून न जाता त्याच्या प्रेताच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते आणि छातीवर क्रूस ठेवते. या वेळी ती गात नाही, फक्त वाद्यवृंद हलक्या आवाजात वाजत राहतो, आणि तरीही सुमारे 1,700 खुर्च्यांच्या त्या प्रेक्षागृहात साधे खोकणेही ऐकू आले नाही. माइक कुठेच नाही. एवढ्या वाद्यांवरून गायिकेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, तेव्हा आपल्या नाट्यगृहांत ऑर्गन आणि तबल्यालाही ध्वनिक्षेपक कशाला लागतो, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे वादक याच नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातून निवडले जातात, त्यामुळे तोडीचा वाद्यमेळ ऐकायला वेगळे तिकीट काढायची गरज नाही. पदाला टाळ्या मनसोक्त पडतात, पण वन्समोअर सहसा मिळत नाही.

पाय दुखतात, हे खरे. पण दशावतार पाहत जत्रेत रात्र काढलेल्यांनी त्याचा बाऊ करू नये. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र खुर्चीच घेऊन द्यावी. मध्यंतरातील खाणे महाग आहे, म्हणून आधी जेवून जावे. बाहेर टोप आणि अठराव्या शतकातले कोट घातलेले विक्रेते पर्यटकांना गाठून तिकिटे खपवतात, ती बहुधा दुसरीकडच्या कार्यक्रमांची असतात. स्टेट ऑपेराचे तिकीट त्याच्या अधिकृत खिडकीवर किंवा संकेतस्थळावरच घ्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये नाट्यगृह बंद असते, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत गेलेले बरे. त्या दिवसांत काही प्रयोग बाहेरच्या चौकातील मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात, म्हणजे तिकीट हुकले तरी संध्याकाळ वाया जात नाही.