पीएमपी की प्रोजेक्ट डीप्रो: स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्याने आधी काय शिकावे?

पाणलोट, आरोग्य, शिक्षण अशा कामांत चार वर्षे घालवली, की प्रकल्प व्यवस्थापन रीतसर शिकावेसे वाटू लागते. चौकशी केली की बहुतेक जण पीएमपीचे नाव सांगतात. संस्थेतल्या माणसाला मी आधी ते सुचवणार नाही.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे अमेरिकेतल्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचे प्रमाणपत्र, १९८४ पासूनचे. आयटी आणि बांधकाम कंपन्यांत त्याला वजन आहे. मात्र परीक्षेला बसायलाच पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. पुढे दर ३ वर्षांनी नूतनीकरण. छोट्या संस्थेच्या पगारात त्याचे शुल्क जड जाते.

प्रोजेक्ट डीप्रो (जुने नाव पीएमडी प्रो) हे प्रमाणपत्र खास विकासक्षेत्रासाठी तयार झाले. त्याची मार्गदर्शिका फुकट मिळते आणि पायाभूत परीक्षेला अनुभवाची अट नाही.

पण पैसे आणि अटी बाजूला ठेवल्या, तरी शिकवण्यातला फरक मोठा आहे. सिमेंट बंधाऱ्याचे काम घ्या. तो ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात कसा उभा करायचा, कंत्राटदाराशी व्यवहार कसा ठेवायचा, मधेच आराखडा बदलला तर काय करायचे, हे पीएमपीच्या अभ्यासात फार बारकाईने येते. डीप्रो त्याच्याही मागे जाते: गावात टंचाई मुळात कशामुळे आहे? मग येतो लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची कामे, परिणाम आणि गृहीतके एका जागी मांडणारा तक्ता; तो १९६९ साली यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत यंत्रणेसाठी तयार झाला. बंधारा झाला हे त्यात फक्त आउटपुट, म्हणजे पूर्ण झालेले काम. मार्च-एप्रिलमध्ये विहिरींना पाणी राहिले, तर ते आउटकम, म्हणजे त्या कामातून झालेला बदल. शेवटचा रकाना गृहीतकांचा. ‘नव्या बोअरवेल पडणार नाहीत’ हे तिथे लिहावेच लागते, आणि लिहिले की कोणाशी बोलायचे राहिले तेही कळते. प्रकल्प संपल्यावर गाळ कोण काढणार, याचा विचारही डीप्रो आधीपासून करायला लावते. निधी संपला की ओस पडलेली कामे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याची किंमत सांगायला नको.

जागतिक बँकेच्या कर्जावरच्या मोठ्या प्रकल्पात, जिथे निविदा आणि शेकडो कामांचे वेळापत्रक हाताळायचे असते, तिथे डीप्रो अपुरे पडते. तिकडे जायचे पक्के असेल, तर पीएमपीवर खर्च करा.

इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा प्रकल्प व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. चाचपून पाहायला तोही चांगला.

बाकीच्यांनी या आठवड्यात डीप्रोची मार्गदर्शिका उतरवून घ्यावी आणि आपल्या चालू प्रकल्पाचा लॉगफ्रेम मराठीत, गावकऱ्यांसोबत बसून काढावा. परीक्षेचे नंतर बघू.