पंपाशेजारच्या विहिरीची तपासणी: लॅबचं कोणतं पॅकेज घ्यावं?

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय अशी शंका आली की लोक आधी लॅबचं नेहमीचं 'पिण्याचं पाणी' पॅकेज घेतात. या कामासाठी ते निरुपयोगी आहे. टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, कोलिफॉर्म यांत पेट्रोलचा पत्ताच लागत नाही. फार तर 'मिनरल ऑइल' असा एक रकाना असतो आणि खरी फसगत तिथेच होते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मिनरल ऑइलची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. पेट्रोलमधल्या, कॅन्सरला कारण ठरणाऱ्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पातळी ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी. त्यातून लॅब तेल द्रावकात काढून, द्रावक उडवून, उरलेल्याचं वजन करत असेल तर बेंझिन त्या द्रावकाबरोबरच उडून जातं. अशा अहवालातलं 'मर्यादेत' वाचून पाणी प्यायला सुरुवात करू नये.

घ्यायचं ते बीटेक्स पॅकेज: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलीन, जीसी-एमएस यंत्रावर (ते एकेक घटक वेगळा करून ओळखतं). ते महाग असतं, पण विहिरीचा प्रश्न त्यानेच सुटतो. पैसे भरण्याआधी विचारायचं की बेंझिन किती बारीक मोजता. उत्तर लिटरला १ मायक्रोग्रॅम (०.००१ मिलिग्रॅम) किंवा त्याहून कमी असं हवं. काही अहवालांत '०.०५ मिग्रॅपेक्षा कमी' एवढंच छापलेलं असतं. सुरक्षित पातळी ०.०१ असताना या आकड्याला काही अर्थ नाही. पंपावर डिझेलही असेल तर बीटेक्स पुरत नाही, कारण डिझेलमध्ये हे चार घटक थोडेच असतात. त्यासाठी डिझेल रेंजची टीपीएच (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची चाचणी) आणि नॅप्थलीन वेगळं सांगून लावून घ्यावं.

'वास येत नाही, म्हणजे काही नाही' हे तर कुणाकडूनच ऐकून घेऊ नये. पाण्यातल्या बेंझिनचा वास माणसाला साधारण लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास कळतो. सुरक्षित पातळीच्या हजारपट!

आता नमुन्याचं. चांगली लॅब स्वतःचा माणूस पाठवते किंवा कुप्या देते: ४० मिलिलिटरची तपकिरी काचेची कुपी, झाकणात टेफ्लॉन लावलेला पडदा, तळाशी आम्लाचे थेंब. कुपी विसळायची नाही, आम्ल निघून जाईल. पाणी काठावरून हळूहळू सोडायचं, तोंडाशी फुगवटा आला की झाकण घट्ट करायचं, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकला तर ती कुपी बाद, नवी घ्यायची. त्या हवेतच बेंझिन उडून जातं आणि निकाल खोटा कमी येतो. मग बर्फाच्या पेटीत ठेवून लवकरात लवकर लॅबमध्ये. आम्ल घातलेला नमुना १४ दिवस टिकतो, बिनआम्लाचा ७. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून द्या म्हणणारी लॅब या कामाची नाही. नमुना घेताना शेजारी जनरेटर किंवा मोटारसायकल चालू नको. कुप्यांसोबत लॅबने शुद्ध पाण्याने भरलेली एक 'कोरी' कुपी न उघडता जाऊन परत यावी, म्हणजे वाटेत वाफ शिरली का ते कळतं. ही कोरी कुपी न मागता देणारी लॅब भरवशाची समजावी.

पाणी घराच्या टाकीतून किंवा नळाला घेऊ नये, तिथवर येताना बरंच उडालेलं असतं. उघड्या विहिरीत बेलर (नमुना घ्यायची दोरीची नळी) सोडून पृष्ठभागाखालचं पाणी घ्यावं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वर तवंग असेल तर त्याची नोंद वेगळी करावी. तवंगाचा थेंब कुपीत आला तर विरघळलेल्याचा आकडा भलताच फुगतो.

काही कंपन्या लॅबसोबत 'साइट सर्व्हे'ही विकतात, आणि बारकाईने पाहायचं ते यातच. निव्वळ अंतरावर मत देणारा सर्व्हे घेऊ नये. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सांध्यांतून, भेगांतून आणि मुरमातून धावतं, त्यामुळे ४० मीटरवरची विहीर पेट्रोलपासून बचावते आणि १५० मीटरवरच्या बोअरला पेट्रोल लागू शकतं. सर्व्हेवाल्याने निदान तीन विहिरींच्या पातळ्या, काठाच्या उंचीसह, सगळ्या मोटारी बंद असताना मोजल्या पाहिजेत, तरच भूजलाची दिशा निघते. शेजारच्या बोअरचा मोठा उपसा ही दिशा फिरवू शकतो, म्हणून मोटारीच्या वेळाही लिहून घ्याव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांमधलं ५० मीटर, अडचण असल्यास ३० मीटर, हे अंतर शाळा, दवाखाने आणि वस्तीपासूनचं आहे. ते विहीर सुरक्षित असल्याचा दाखला म्हणून अहवालात छापलं असेल तर तो अहवाल परत करावा.

एकाच तपासणीवर विसंबणं धोक्याचं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसं पेट्रोलही खाली उतरतं आणि भेगांना चिकटून बसतं. पावसाळ्यात पाणी चढलं की तेच धुऊन निघतं. तेव्हा तवंग पातळ झालेला दिसतो आणि 'गळती थांबली' असं सांगितलं जातं, जे बऱ्याचदा खरं नसतं. मेअखेरीस आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अशा दोन फेऱ्यांचा दर आधीच ठरवून घ्यावा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, हेही लक्षात घ्यावं. जिवाणू आधी इथेनॉल फस्त करतात, त्यात जमिनीतला ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन जास्त काळ, जास्त लांबवर टिकतं.

अहवालाच्या शेवटी 'पाणी उकळून प्या' असा सल्ला असेल तर त्या सेवेला आम्ही शून्य गुण देऊ. उकळलं की बेंझिन स्वयंपाकघराच्या हवेत येतं, गरम पाण्याच्या आंघोळीतही तेच होतं. आरओवरही भिस्त नको, बेंझिनचा बारीक रेणू पडद्यातून बराच निसटतो. सक्रिय कोळशाचा फिल्टर ते धरतो, पण भरला की सोडून देतो, तेव्हा फिल्टरनंतरच्या पाण्याचीही तपासणी होत राहिली पाहिजे. निकाल येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरावं. 'उपसून टाका, साफ होईल' म्हणून विहीर सारखी उपसूही नये. तसं केल्याने पंपाखालचं तेल आपल्याकडेच ओढलं जातं.

एकच खर्च परवडत असेल तर साइट सर्व्हे मागे ठेवावा आणि पंपाच्या बाजूच्या, उपशातल्या विहिरीचं बीटेक्स आधी करून घ्यावं. सोबत पंपचालकाकडे टाकीच्या रोजच्या डिपची (काठीने मोजलेल्या साठ्याची) नोंदवही लेखी मागावी. साठ्याचा मेळ सतत तुटीचा येत असेल, किंवा डिपच्या काठीवरची पेस्ट टाकीच्या तळाशी पाणी दाखवत असेल, तर टाकीची दाबचाचणी तातडीने व्हायला हवी.