१६ महिन्यांचा अनुभव: नेक्सॉन ईव्ही, सोसायटीचे बेसमेंट आणि आगीची भीती

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये माझी टाटाची इलेक्ट्रिक गाडी, नेक्सॉन ईव्ही, गेले १६ महिने उभी राहते आणि तिथेच रात्री चार्ज होते. एकूण १९,००० किलोमीटर झाले. शहरात एका चार्जवर २८० किलोमीटरच्या आसपास जाते आणि खंडाळ्याचा घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचे आहे ते आगीविषयी, कारण या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच आहे.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात कमिटीने चार्जिंगची जोडणी अडवली. सभेत एका काकूंनी जून २०२२ मध्ये वसईत पेटलेल्या नेक्सॉनचा व्हिडिओ सर्वांना दाखवला. माझ्याच गाडीच्या नावाची, पण जुन्या आवृत्तीची गाडी होती ती, आणि काकूंची भीती खोटी आहे असे मी म्हटले नाही. मात्र ३०,००० हून अधिक गाड्या रस्त्यावर आल्यानंतरची ही पहिलीच घटना असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते आणि केंद्र सरकारने स्वतंत्र चौकशी जाहीर केली होती, हे त्या सभेत एकालाही ठाऊक नव्हते. ज्वाळा दिवसभर दाखवायच्या आणि कारण शोधायची वेळ आली की विषय सोडून द्यायचा, या वृत्तवाहिन्यांच्या रीतीचा मला मनापासून राग येतो.

पुढे ऑक्टोबर २०२३ मधील ब्रिटनच्या ल्यूटन विमानतळाच्या पार्किंगची आग आमच्या ग्रुपवर ‘इलेक्ट्रिक गाडीने पेट घेतला’ अशा मथळ्याने फिरली. ती आग डिझेल गाडीपासून लागल्याचे तिथल्या अग्निशमन दलाने सांगितले होते, पण ते पुढे कोणी पाठवले नाही. स्वीडनच्या आपत्ती-व्यवस्थापन यंत्रणेची २०२२ची आकडेवारी मी सभेत वाचून दाखवली: सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक व हायब्रीड गाड्यांपैकी २३ पेटल्या, तर पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाखांपैकी सुमारे ३,४०० पेटल्या. अर्थात इलेक्ट्रिक गाड्या वयाने नव्या आहेत, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही मी तिथेच सांगितले. शिवाय बॅटरी एकदा पेटली की ती विझवायला पाणी फार लागते आणि विझल्यासारखी वाटूनही ती पुन्हा भडकू शकते, हे मान्यच करायला हवे. शेवटी तीन महिन्यांच्या अटीवर परवानगी मिळाली.

खरा धोका मला चौथ्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात दिसला, आणि तो बॅटरीत नव्हता. रात्री साडेदहाला चार्जिंग बंद करायला गेलो, तेव्हा १५ अँपिअरच्या सॉकेटजवळ प्लास्टिक तापल्याचा वास येत होता. पिन हाताला चटका बसेल इतकी गरम होती आणि सॉकेटचे एक भोक तपकिरी पडले होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वायरमनने सॉकेट उघडले, तर आतला न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि वायरचे टोक काळे झालेले. आधीच्या माणसाने लांब अंतरावरून बारीक वायर ओढली होती आणि पलीकडे जिन्याच्या दिव्यांचाही भार त्याच लाइनवर दिला होता. तास-दोन तास चालणाऱ्या गिझरला ते कदाचित निभावले असते, परंतु गाडी रात्रभर सलग वीज घेते. आता ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, औद्योगिक सॉकेट, जास्त भार आल्यास वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी आणि तपासून घेतलेले अर्थिंग आहे. चार्जिंग सुरू करून तासाभराने मी आजही पिनला हात लावून पाहतो. तुम्ही ईव्ही घेणार असाल, तर बॅटरीच्या चर्चेत जेवढा वेळ घालवाल, तेवढाच या सॉकेटसाठी द्या, अशी कळकळीची विनंती आहे.

इंचॉनची आग मात्र मी हलक्यात घेत नाही. दक्षिण कोरियातील त्या शहरात १ ऑगस्ट २०२४ रोजी एका निवासी संकुलाच्या तळघरात नुसती उभी असलेली, चार्जिंगला न लावलेली इलेक्ट्रिक गाडी पेटली आणि शंभराहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. आग पसरण्याचे एक मोठे कारण असे, की कर्मचाऱ्याने स्प्रिंक्लर, म्हणजे आगीवर छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, बंद केली होती. ते वाचून मी कमिटीच्या दोन सदस्यांना घेऊन आमच्या पंपरूममध्ये गेलो. आग विझवण्याच्या पंपाची कळ ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होती आणि त्यावर धूळ साचली होती. कळ आम्ही लगेच बदलली, परंतु बेसमेंटच्या लाइनवर अजूनही पुरेसा दाब येत नाही आणि देखभालीच्या ठेकेदाराला दोन पत्रे जाऊनही तो फिरकलेला नाही. पुढच्या सभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे, आणि त्यावर पहिली सही त्या काकूंची आहे.