टाकीच्या लेव्हलसाठी एचसी-एसआर०४ की जेएसएन-एसआर०४टी?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती ते मोबाइलवर दिसावं आणि मोटर आपली आपण चालू-बंद व्हावी, एवढ्यासाठी मी दोन्ही सेन्सर वापरून झालेत. दोन्ही झाकणातून खाली आवाज सोडतात आणि त्याचा एको, म्हणजे प्रतिध्वनी, किती वेळाने आला त्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर काढतात. एक जेमतेम अर्धा पावसाळा टिकला, दुसरा अजून चालू आहे, त्यामुळे माझं माप कुठे झुकणार ते कळलंच असेल, तरी दोघांचंही सांगतो.

एचसी-एसआर०४ म्हणजे तो दोन डोळ्यांचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, कुठेही मिळतो आणि स्वस्त. २ सेंटीमीटरपासून मोजतो ही त्याची खरी ताकद, टाकी काठोकाठ भरली तरी आकडा येतो. शिकायला, रोबोटला, कोरड्या जागेला तोच घ्या, उगाच जास्त पैसे कशाला.

पण टाकीत वाफ धरते. झाकणाच्या आतून थेंब जमतात आणि ते बरोबर त्याच्या जाळीत शिरतात. मी डबीत बसवला, डोळ्यांभोवती सिलिकॉन लावलं, तरी ऑगस्टमध्ये एक दिवस एको यायचाच बंद झाला. आता एको आला नाही की पल्सइन, म्हणजे कोडमधली ती वेळ मोजणारी कमांड, ० देते, आणि माझ्या कोडमध्ये ० म्हणजे पाणी सेन्सरला टेकलं, म्हणजे टाकी फुल्ल! मोटर लागलीच नाही, मी सकाळी तोंडाला साबण लावून कोरड्या नळासमोर उभा आणि मोबाइलवर १०० टक्के. चूक कोडची होती, मान्य, ० आला की एरर धरायचं हे त्याच दिवशी दुरुस्त केलं. पण सेन्सर पुसायला भर पावसात ओल्या लोखंडी शिडीवरून चढणं काही कोडने सुटत नाही, दोन आठवड्यांत तीनदा चढलो आणि तिसऱ्यांदा खाली उतरतानाच ठरवलं की बास.

जेएसएनला गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखा एकच बंद डोळा, त्याला अडीच मीटरची वायर आणि सर्किट वेगळं. वाफेत फक्त डोळा राहतो, बोर्ड बाहेर कोरड्या डबीत. मला तिप्पट-चौपट महाग पडला. वायर जोडून लांबवायच्या भानगडीत पडू नका, आकडे नाचायला लागतात. आणि डोळा झाकणाच्या मधोमध बसवा, कडेला लावला तर टाकीच्या भिंतीचाच एको येतो.

त्याचं दुखणं म्हणजे २०-२५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला दिसतच नाही, आणि टाकी भरत आली की नेमकं तेवढंच उरतं. मी फुल्लची रेषाच ३० सेंटीमीटरवर आणली. त्यातलं बरंच टाकीच्या मानेतच जातं, तरी चार-पाच बादल्या पाणी कमी मावतं, आमच्या घराला चालतं, तुमच्याकडे एक दिवसाआड पाणी येत असेल तर कदाचित नाही चालणार.

उन्हाचा गोंधळ दोघांचा सारखाच. आवाजाचा वेग २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशाला ३५८ च्या आसपास, म्हणजे कोडमध्ये २० अंशाचाच वेग धरला असेल तर विदर्भातल्या मे महिन्यात मीटरभर अंतर चार-पाच सेंटीमीटर कमी दिसणार. मोटरसाठी एवढं चालतं.

आता टाकी बुटकी असेल, अर्ध्या मीटरची वगैरे, तर जेएसएनला अर्धी टाकी दिसणारच नाही, मग एचसी-एसआर०४ च घ्या, दोन जास्तीचे आणून ठेवा आणि शिडी तेवढी पक्की बघा.