जुन्या ट्रकचे सेन्सर आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग : एका तपासणी सेवेचा अनुभव

जुन्या ट्रकच्या इंजिनात एकाच वेळी दोन-तीन सेन्सरचे कोड (इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) दिसू लागले, तर तेवढे सेन्सर एकदम निकामी झाले असण्याची शक्यता फार थोडी असते. बहुधा त्यांना जोडणारी एखादी वायर दुखावलेली असते. हे गृहीत धरून तपासणी करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आम्हाला भेटले, म्हणून त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे. आमच्या ट्रकच्या इंजिनाचा दिवा अधूनमधून लागत असे, सायलेन्सरमधून काळा धूर येत असे आणि खडबडीत रस्त्यावर गाडी अचानक ओढ सोडत असे. आधीच्या एका गॅरेजने केवळ स्कॅनरवरचा (संगणकातले कोड वाचणाऱ्या यंत्रावरचा) कोड वाचून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर बदलून दिला होता आणि तोच कोड पुन्हा आला होता.

पी ०११८ हा तो कोड. कूलंट सेन्सरच्या सर्किटमधले व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त आहे, एवढेच तो सांगतो; सेन्सर बिघडला, वायर तुटली की कनेक्टरमधली पिन मागे सरकली, हे मोजूनच ठरवावे लागते. या इलेक्ट्रिशियननी सुट्या भागांना हात लावण्याआधी स्कॅनरवरचे चालू आकडे पाहिले. इंजिन चांगले तापलेले असताना तापमान उणे ४० अंश सेल्सिअस दिसत होते. या सेन्सरचा रोध थंडाव्यात वाढतो, त्यामुळे वायर तुटली की इंजिनाच्या संगणकाला इंजिन गोठल्यासारखे भासते आणि तो गरजेपेक्षा जास्त इंधन सोडू लागतो. काळ्या धुराचा उलगडा इथेच झाला. मग त्यांनी कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा एक तुकडा जोडला. वायरिंग शाबूत असते तर आकडा उणे ४० वरून थेट कमाल तापमानाकडे गेला असता. तो जागचा हलला नाही, म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरिंगमध्ये होता. एवढ्या साध्या चाचणीने जे कळले, त्यासाठी आधी एक नवा सेन्सर खर्ची पडला होता, याची खंत वाटते.

ओढ सोडण्याचा दोष अधिक चकवणारा होता. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेच्या) स्थितीचा आणि मॅनिफोल्डमधल्या (इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबाचा असे दोन्ही सेन्सर आमच्या ट्रकमध्ये ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतात. मल्टिमीटर त्या लाइनवर लावून त्यांनी वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी हाताने हलवला, तेव्हा एका जागी व्होल्टेज शून्याजवळ कोसळले. तेथे न थांबता त्यांनी दोन्ही सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असता तर तो वेगळा करताच ५ व्होल्ट परत आले असते. ते आले नाहीत, तेव्हाच त्यांनी जुडग्यावरची टेप उसवायला घेतली.

मॅनिफोल्डच्या खालच्या पोकळीत सुका पाला आणि फडक्याच्या चिंध्यांचे घरटे निघाले. जुडग्याच्या त्या भागात दातांच्या खुणा स्पष्ट होत्या : कूलंट सेन्सरची वायर पूर्ण तुटलेली आणि ५ व्होल्टच्या वायरचे आवरण सोललेले, उघडे तांबे लोखंडी ब्रॅकेटला हादऱ्याबरोबर टेकत असलेले. घरटे काढण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली. उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे जाणून त्यांनी हातमोजे घातले, घाण जंतुनाशकाने भिजवली आणि मगच ती उचलली. कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवली नाही.

दुरुस्तीतही घाई नव्हती. वायरचे तांबे जिथपर्यंत हिरवे-काळे पडले होते तिथपर्यंत ती मागे कापून, त्याच जाडीची नवी वायर क्रिम्पने (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) जोडून, आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली. सगळे जोड एकाच जागी येऊन जुडगा फुगू नये म्हणून ते पुढे-मागे ठेवले. क्रॅंक सेन्सरच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. त्या पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये कमी शिरतो. नव्या तुकड्यातही त्यांनी तो पीळ तसाच राखला. शेवटी वायर अखंड असली की वाजणाऱ्या मल्टिमीटरच्या शिट्टीवर न विसंबता, जुडगा संगणकापासून सोडवून प्रत्येक दुरुस्त वायरीतून छोटा बल्ब पेटवून पाहिला, कारण वायरीतला एकच धागा शिल्लक असला तरी शिट्टी वाजते, पण बल्ब मंद जळतो.

तपासणीचे शुल्क ते दुरुस्तीपासून वेगळे घेतात. काहींना ते खटकेल. मला ते रास्त वाटते, कारण त्यामुळे नवा भाग विकण्याची घाई राहत नाही.

दोन उणिवा मात्र नोंदवायला हव्यात. उंदीर पुन्हा येऊ नयेत यासाठी त्यांनी जुडग्यावर तिखट द्रव्याची टेप गुंडाळली आणि विषय संपवला. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने ते कुरतडणे थांबवत नाहीत, आणि लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फटही पुरते. एवढ्या फटी ट्रकच्या इंजिनाखाली अनेक असतात. ट्रक दीर्घकाळ एका जागी उभा राहणार असेल, तर हवा आत घेणाऱ्या तोंडांना धातूची बारीक जाळी लावून देणे हा त्यांच्या कामाचाच भाग असायला हवा होता. दुसरे म्हणजे, कोणत्या वायरीला कुठे जोड दिला याची लेखी नोंद त्यांनी दिली नाही. टेप गुंडाळण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे मी मागून घेतली, आणि या सेवेकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ती काम सुरू असतानाच मागून घ्यावीत.